आप्पांचं विमान कोणतं? चाकं नसलेल्या एका फोटोचा तपास

सांगलीच्या गावभागातल्या एका घरातले आप्पा बंगळूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये, म्हणजे एचएएलमध्ये, शीट मेटल शॉपला, म्हणजे पत्राकामाच्या विभागात, होते. सांगलीच्या आयटीआयमधून ट्रेड करून १९७१ साली ते तिकडे गेले, १९८८ च्या उन्हाळ्यात आजारपणामुळे नोकरी सोडून परत आले आणि वर्षभरातच वारले. त्यांच्यामागे राहिलेल्या मोजक्या वस्तूंमध्ये एक रंगीत फोटो आहे. एका छोट्या विमानापुढे पाच माणसं उभी आहेत, डावीकडून दुसरे आप्पा.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा हे घर खालच्या मजल्याच्या छतापर्यंत पाण्यात होतं. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला. सोडवताना खालचा चतुर्थांश भाग काचेवरच राहिला. त्यात माणसांचे पाय गेले आणि विमानाची चाकंही गेली. मागे शाईने काहीतरी लिहिलेलं होतं, त्याचा आता नुसता निळा डाग आहे. शेपटी मुळातच चौकटीत आलेली नव्हती, म्हणजे नंबरही नाही. विमान ओळखताना माणूस सगळ्यात आधी ज्या दोन गोष्टी बघतो, त्या दोन्ही गायब.

आप्पांच्या पुतण्याला फोटो नव्याने फ्रेम करून खाली नीट मजकूर लिहायचा होता. घरात तीन गोष्टी पक्क्या मानल्या जात होत्या: हे ‘किरण’ आहे, फोटो त्याच्या पहिल्या उड्डाणाच्या दिवशीचा आहे, आणि हे विमान पुढे हवाई दलात गेलं. ‘किरण’ लगेच बाद झालं. ते जेट आहे आणि फोटोत पंखा ढळढळीत दिसतो. उरलेल्या दोन गोष्टींना मात्र वेळ लागला.

नाक काय सांगतं

फोटो पुढून, थोडा उजव्या बाजूने काढलेला आहे. पंख खाली, अंगालगत. कॅनॉपी, म्हणजे आसनांवरचं काचेचं छत, मागे सरकवलेली आहे आणि आत दोन आसनांच्या पाठी एकमेकींशेजारी दिसतात, एकामागे एक नाहीत. ही बारीक वाटणारी गोष्ट मोठी गाळणी ठरली. ज्यांना ज्यांना फोटो दाखवला, त्यातल्या निम्म्यांनी ‘पिलाटस’ असं सांगितलं होतं. हवाई दलाने २०१२ मध्ये पिलाटस कंपनीच्या ७५ पीसी-७ मार्क-२ विमानांचा करार केला, तेव्हापासून पंखावालं ट्रेनर, म्हणजे वैमानिकांना शिकवायचं विमान, म्हटलं की लोकांना तेच आठवतं. पण त्यात शिकाऊ पुढे आणि शिक्षक मागे बसतो. शिवाय त्याच्या पहिल्या तुकडीच्या कितीतरी आधी आप्पा गेले होते.

आता इंजिन. पिस्टन इंजिन हवेने थंड करावं लागतं, म्हणून अशा विमानाच्या नाकावर स्पिनरच्या, म्हणजे पंख्याच्या मध्यावरच्या टोपीच्या, दोन्ही बाजूंना दोन मोठी तोंडं असतात. इथे ती नाहीत. नाक लांबट आणि पुढे निमुळतं होत गेलेलं. आणि त्या नाकाच्या साधारण मध्यावर धुराड्याचं जाड तोंड, त्याच्या मागे काजळीचा फराटा. म्हणजे आत टर्बाइन आहे, विमान टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनने पंखा फिरवणारं, आहे.

कोणतं टर्बाइन, याचाही अंदाज धुराड्याच्या जागेवरून येतो. लहान विमानांत सर्रास भेटणारं पीटी-६ हे इंजिन हवा मागून घेतं आणि धूर पुढे, पंख्याच्या अगदी मागे सोडतं. त्यामुळे पिलाटसचं धुराडं नाकाच्या टोकाशी असतं. अ‍ॅलिसन २५० ची रचना वेगळी. त्यात हवा पुढून शिरते, दाबली जाते, दोन बाजूंच्या नळ्यांतून थेट मागच्या ज्वलनकक्षात जाते, तिथून तापलेला वायू उलटा पुढे वळून टर्बाइन फिरवतो आणि इंजिनाच्या मधोमध बाहेर पडतो. बेल कंपनीच्या जेटरेंजर हेलिकॉप्टरचं इंजिन याच घराण्यातलं. मधलं धुराडं दिसलं की पहिला संशय अ‍ॅलिसनवर घ्यावा.

पंख्याची पाती मोजणं त्या मानाने किचकट होतं, कारण स्पिनरवर झेंडूचा जाड हार आहे आणि एका माणसाच्या डोक्यामागे पंख्याचा मोठा भाग लपला आहे. एक पातं सरळ वर दिसतं, दुसरं उजवीकडे खाली झुकलेलं. दोघांमधला कोन फोटोत १३० अंशांच्या आसपास भरतो. दोन पात्यांचा पंखा असता तर दोन्ही पाती कुठल्याही बाजूने पाहिली तरी एकाच रेषेत दिसली असती, तेव्हा तो गेला. चार पात्यांचा असता तर वरच्या पात्याच्या काटकोनात, आडवं पातं दिसायला हवं होतं. तीन पात्यांत खरा कोन १२० असतो, मग हे दहा अंश जास्तीचे कुठून आले? फोटो तिरका आहे, म्हणून पंख्याचं वर्तुळ लंबवर्तुळ झालं आहे. स्पिनरची मागची कड हारामागून थोडी डोकावते. तिची रुंदी उंचीच्या साधारण सात दशांश भरली. त्याच प्रमाणात फोटो आडवा ताणला की १३० चा कोन १२० वर येतो. पाती तीन. हे कुठल्याही मोबाइलवर करता येतं, आणि नुसत्या डोळ्यांनी ‘तीनच दिसतात’ म्हणण्यापेक्षा त्याला जास्त वजन आहे.

नवं विमान शोधू नका, जुनं शोधा

उत्पादनात न गेलेली विमानं ओळखताना लोक एक गफलत करतात. ते पूर्णपणे अनोळखी विमान शोधत बसतात. पण हलक्या विमानांच्या जगात कोऱ्या कागदावरून जन्मलेला प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीसाठीचं पहिलं विमान, तसा थोडाच. बहुतेक वेळा कारखाना हाताशी असलेल्या विमानाचा एक अवयव बदलून पाहतो. तेव्हा आधी फोटोतला बदललेला भाग मनाने झाकायचा आणि उरलेलं कोणाशी जुळतं ते बघायचं.

पंख्यापासून विंडस्क्रीनपर्यंतचा भाग झाकला, तर मागे उरतं ते एचपीटी-३२ ‘दीपक’. एचएएलचं हे पिस्टन ट्रेनर ६ जानेवारी १९७७ ला पहिल्यांदा उडालं. पुढे शंभराहून जास्त विमानं बनली आणि हवाई दलाच्या कित्येक वैमानिकांनी उडण्याचा श्रीगणेशा त्यावर गिरवला. पूर्ण धातूचं, खाली पंख, शेजारी-शेजारी दोन आसनं आणि मागे तिसऱ्यापुरती जागा. विंडस्क्रीनची चौकट, कॅनॉपीच्या काचांची विभागणी, पंख अंगाला मिळतो तिथली रेषा, सगळं छापील आराखड्यांशी आणि त्याच कोनातून काढलेल्या ‘दीपक’च्या फोटोंशी ताडून पाहिलं. जुळतं. जुळत नाही ते फक्त नाक. ‘दीपक’ला २६० अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं लायकॉमिंग इंजिन असतं, आणि त्याचं नाक आखूड व रुंद असतं.

नाक लांब होण्यामागे साधं गणित आहे. अ‍ॅलिसन २५० चं वजन त्या लायकॉमिंगच्या जवळपास निम्मं. पुढचं वजन उतरलं की विमान मागे झुकणार. मग हलकं इंजिन पुढे सरकवून बसवायचं. तराजूत हलकं वजन दांडीच्या टोकाकडे न्यावं लागतं, तसंच हे. म्हणून पिस्टनचं टर्बोप्रॉप केलेलं विमान बहुधा लांब नाकावरून ओळखू येतं. एचपीटी-३२ ची लांबी सुमारे ७.७ मीटर. त्याच सांगाड्यावर एचएएलने ४२० अश्वशक्तीचं अ‍ॅलिसन २५०-बी१७डी बसवलं, तेव्हा लांबी ८ मीटरच्या थोडी पुढे गेली. त्या विमानाचं नाव एचटीटी-३४. पहिलं उड्डाण १७ जून १९८४.

जगातले सख्खे चुलत

इथे थांबता आलं असतं. पण ऐंशीच्या दशकात हाच प्रयोग जगभर चालला होता: शेजारी-शेजारी आसनांचं पिस्टन ट्रेनर घ्यायचं, अ‍ॅलिसन २५० बसवायचं आणि गिऱ्हाईक शोधायचं. चाकं दिसत असती तर यातली बरीच नावं एका नजरेत गेली असती, कारण काहींची चाकं आत घेता येतात आणि ‘दीपक’ची कायम बाहेर असतात. चाकंच नसल्यामुळे एकेक नाव दुसऱ्या मार्गाने काढावं लागलं.

इटलीचं एसएफ-२६० टीपी सगळ्यात प्रसिद्ध, आणि ते विकलंही गेलं. पण त्याच्या पंखांच्या टोकांना इंधनाच्या टाक्या असतात. आपल्या फोटोत एका पंखाचं टोक दिसतं आणि ते रिकामं आहे. फिनलंडच्या वाल्मेट कंपनीचं एल-८० टीपी फेब्रुवारी १९८५ मध्ये उडालं आणि एप्रिलमध्ये पडलं. दोन महिन्यांचं आयुष्य मिळालेलं ते विमान बंगळुरात हार घालून उभं असण्याचा प्रश्नच नाही. त्याचाच पुढचा अवतार रेडिगो, १९८६ चा. तारखेने तो बाद होत नाही. तो बाद होतो विंडस्क्रीन आणि कॅनॉपीच्या चौकटीमुळे.

खरे जुळे दोघं: न्यूझीलंडचं सीटी-४सी आणि स्विस कंपनी एफएफएचं एएस-२०२/३२ टीपी, म्हणजे टर्बाइन ब्राव्हो. दोघांनाही अ‍ॅलिसन, दोघांचीही चाकं बाहेर, दोघांतही शेजारी-शेजारी आसनं, आणि दोघंही प्रोटोटाइपच्या पुढे गेली नाहीत. इतकी सारखी की चाकं दिसत असती तरी या दोघांपुरता काही उपयोग झाला नसता. इथे आकाराने नव्हे, माणसाने निकाल दिला. ही दोन्ही विमानं १९९१ मध्ये उडाली, आणि आप्पा १९८९ मध्ये वारले. फोटोतल्या माणसाच्या आयुष्याची दोन टोकं माहीत असणं हा विमान ओळखण्याचा फार मोठा पुरावा असतो, आणि विमानांचे शौकीन नेमकं तेच विचारायला विसरतात.

याच न्यायाने देशी नावंही झटपट गेली. ‘स्वाती’चं उड्डाण १९९० चं, ‘हंसा’चं १९९३ चं. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचं कनार्ड, म्हणजे पुढे छोटे पंख असलेलं, विमान १९८७ मध्ये उडालं खरं, पण त्याचा पंखा मागे असतो. साठच्या दशकातलं ‘कानपूर’ वरच्या पंखांचं. एका उत्साही मित्राने मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या अमोल यादवांचं मुंबईत गच्चीवर बनलेलं विमान सुचवलं. जिल्ह्याचा अभिमान समजू शकतो, पण ते लोकांसमोर आलं २०१६ मध्ये.

हार कशाचा?

‘पहिल्या उड्डाणाचा फोटो आहे हो हा, आई नेहमी सांगायची,’ पुतण्याचं म्हणणं. त्याला आधार होता तो स्पिनरवरचा हार. नाकावर हळदीकुंकवाची बोटंही उमटलेली दिसतात. आपल्याकडे नवीन विमान पहिल्यांदा उडण्याआधी नारळ फोडतात, हे खरं आहे.

पण फोटोत आणखी दोन गोष्टी आहेत. मागे हँगरच्या दाराला केळीचे खांब बांधलेले आहेत. आणि उजव्या कडेला, पंखापाशी, एका स्टुलावर लाल कापड अंथरलंय, त्यावर फुलं वाहिलेली अवजारं: रिव्हेट गन, पत्रा कापायची कात्री, दोन हातोड्या. स्टूल कमरेइतकं उंच म्हणून ते पुराच्या पाण्यातून वाचलं. ही शस्त्रपूजा आहे. म्हणजे दिवस खंडेनवमीचा. बंगळुरात आयुधपूजेला कारखाने असेच सजतात, आणि किर्लोस्करवाडीत किंवा मिरजेच्या एमआयडीसीत काम केलेल्या कोणालाही हे दृश्य समजावून सांगावं लागणार नाही. पहिल्या उड्डाणाच्या वेळी विमानाची पूजा होईल, पण त्या दिवशी पत्र्याच्या कात्रीला कोणी फूल वाहणार नाही. शिवाय पहिलं उड्डाण जूनमधलं आणि खंडेनवमी येते सप्टेंबर-ऑक्टोबरात.

यातून साल आवळता येतं. उड्डाणानंतरची आणि आप्पांनी नोकरी सोडण्याआधीची खंडेनवमी म्हणजे १९८४ ते १९८७ मधली एक. शंका राहते ती १९८३ ची. विमान उडण्याच्या काही महिने आधी हँगरमध्ये इंजिन बसवून तयार असू शकतं. धुराड्यामागची काजळी इथे थोडी मदत करते. ती गडद आहे, पसरलेली आहे आणि मागे पंखाच्या मुळापर्यंत ओढली गेली आहे. जमिनीवर इंजिन चालवूनही काजळी धरते, पण हवेच्या झोताने अशी मागे लांबवर ओढली जायला उड्डाणं झालेली असण्याची शक्यता जास्त. मी १९८३ पूर्ण खोडत नाही, फक्त खालच्या पायरीवर ठेवतो.

पुतण्या थोडा हिरमुसला. पहिल्या उड्डाणाला जी शान आहे ती खंडेनवमीला नाही, असं त्याला वाटलं. माझं मत उलट आहे. पहिल्या उड्डाणाच्या फोटोत वैमानिक आणि साहेब मंडळी पुढे असतात, शीट मेटलचा माणूस सापडला तर मागच्या रांगेत. या फोटोत शॉपची माणसं पुढे आहेत आणि त्यांची अवजारं शेजारी मांडलेली आहेत.

पुढे का गेलं नाही

एचटीटी-३४ मागचा विचार चुकीचा नव्हता. पिस्टन इंजिनाला एव्हिएशन पेट्रोल लागतं, ते महाग आणि मिळायला कठीण. टर्बाइन जेटचंच इंधन पितं, म्हणजे तळावर दोन प्रकारचे साठे ठेवायला नकोत. ताकदही जास्त, आणि पुढे जेटवर जाणाऱ्या शिकाऊ वैमानिकाचा टर्बाइनशी परिचय लवकर होतो. पण टर्बाइन पिस्टनपेक्षा बरंच महाग पडतं, आणि सगळ्यात पहिल्या पायरीच्या ट्रेनरवर तेवढा खर्च करायला तेव्हा फारसं कोणी तयार नव्हतं. न्यूझीलंड आणि स्वित्झर्लंडच्या जुळ्यांनाही गिऱ्हाईक मिळालं नाही, हे पाहिलं की दोष एकट्या एचएएलच्या माथी मारता येत नाही. हवाई दल पिस्टनच्या ‘दीपक’वरच राहिलं. नंतरचं एचटीटी-३५ पूर्णाकृती नमुन्यापलीकडे गेलं नाही. जुलै २००९ मधल्या प्राणघातक अपघातानंतर एचपीटी-३२ चं उड्डाण थांबवलं गेलं. त्यांची इंजिनं हवेत बंद पडण्याची तक्रार जुनी होती. मग पिलाटस आली. एचएएलचं स्वतःचं टर्बोप्रॉप ट्रेनर, एचटीटी-४०, उडालं ३१ मे २०१६ ला, आणि ७० विमानांचा करार झाला मार्च २०२३ मध्ये. १९८४ पासून मोजलं तर जवळजवळ चाळीस वर्षं.

तेव्हा घरची तिसरी समजूत, ‘हे विमान हवाई दलात गेलं’, अर्धी खरी निघाली. गेला तो थोरला भाऊ, आखूड नाकाचा.

मजकूर

पुतण्याचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. ‘काका, सगळं विमान जुनंच आणि नाक तेवढं नवीन म्हणता, तर मग ते नाक आप्पांनीच ठोकलं असणार की!’ तर्क मोहात पाडणारा आहे. नवीन इंजिनावर नवीन आवरण चढतं, आणि पत्र्याचं आवरण शीट मेटल शॉपमध्येच घडतं. पण त्या शॉपमध्ये माणसं पुष्कळ होती, आणि फोटोत उभं असणं म्हणजे ते काम केलेलं असणं नव्हे. आप्पांचं एखादं जॉब कार्ड किंवा सोबतच्या चौघांपैकी कोणी भेटलं, तर गोष्ट वेगळी. पुतण्या आता बंगळुरातल्या निवृत्त मराठी कामगारांकडे चौकशी करतोय. तोवर हे वाक्य मजकुरात जाणार नाही, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. ‘भारताचं पहिलं’ हे शब्दही काढायला लावले. वर्तमानपत्रात नाव येणाऱ्या प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ‘पहिलं’ चिकटतं, आणि मग ते कोणी तपासत नाही.

फ्रेमखाली शेवटी असं लिहिलं: ‘एचएएल, बंगळूर. एचटीटी-३४ टर्बोप्रॉप ट्रेनर, प्रोटोटाइप. खंडेनवमी, बहुधा १९८४ ते १९८७ मधील. डावीकडून दुसरे आप्पा, सहकाऱ्यांसह.’ आणि फोटोच्या पाठीला लावलेल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने, शाईने नव्हे: विमानाचा प्रकार जवळजवळ निश्चित, आधार नाक, धुराडं आणि कॅनॉपीची चौकट, खंडेनवमी निश्चित, आधार स्टुलावरची अवजारं, साल अंदाजे, चाकं आणि नंबर दिसत नाहीत, बाकीच्या चौघांची नावं मिळवायची आहेत.